एकटीची साक्ष

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना मुलांनी फार पूर्वीच मोजपट्टी सर करून टाकलं होतं, आणि सरांना त्याचा रागही नव्हता. खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याच व्हायच्या. उत्तराशेजारी चूक किती असू शकते ते लिहिलं नाही, की प्रयोगवही टेबलावरून घसरत थेट दारापर्यंत जायची. "अंदाजे म्हणजे किती? घरी आईला विचारून आलास का?" असं ते विचारत, आणि पोरं माना खाली घालून हसत.

या पोरांसाठीच सरांनी पुराव्याची पट्टी बनवली. साधे प्रश्न होते. मोजलं का? दुसऱ्यानं करून पाहिलं तर तेच येईल का? चूक किती धरली? प्रत्येक प्रश्नाला गुण. आणि तळाशी, जरा ऐटीतच, एक वाक्य: "जे मोजता येत नाही, ते माहीत आहे असं म्हणू नये." प्रयोगशाळेच्या भिंतीवर ते छान शोभत होतं. तिथंच राहिलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

पण कुलगुरूबाई एकदा पाहणीला आल्या, भिंतीपुढे थबकल्या, आणि पुढच्या सत्रापासून पट्टी साऱ्या विद्यापीठाला लागू झाली. मग काय विचारता! साहित्यवाल्यांनी शोकांतिकांमध्ये 'दुःख' हा शब्द किती वेळा येतो ते मोजून आलेख काढले. संगीतवाल्यांनी सरांच्याच प्रयोगशाळेतून आवाज मोजायचं यंत्र उसनं नेलं आणि सगळ्यात मोठ्यानं गाणाऱ्याला पहिलं बक्षीस देऊन टाकलं. कायद्याच्या विभागात 'न्याय म्हणजे काय' हा तास बंद झाला, कारण न्यायाचं एकक कुणालाच सापडेना. नीतिशास्त्राच्या बिचाऱ्या प्राध्यापकांनी तर खोटं बोलणं वाईट का, याची प्रश्नावली छापून मुलांत वाटली. बहुतेकांनी 'परिस्थितीवर अवलंबून' यावर खूण केली आणि प्राध्यापकांनी तोच निष्कर्ष म्हणून लिहिला. करतात काय, पोटापाण्याचा प्रश्न होता.

सर ऐकत आणि हसत. आपलं पोर जरा वांड निघालंय, पण नाव तर काढतंय, अशा थाटाचं ते हसणं होतं.

मग इतिहासाच्या एका मुलीचा शोधप्रबंध समितीपुढे आला. पट्टीचे जनक म्हणून सर समितीवर होतेच. प्रबंध एका सूतगिरणीच्या आगीवर होता. गिरणीच्या अहवालात लिहिलं होतं, की मुकादम पाळीवर झोपला होता, म्हणून होरपळून मेला. मुलगी म्हणत होती, की मुकादम बाहेर आला होता आणि आत अडकलेल्यांसाठी परत गेला. हे पाहणारी एकच बाई हयात होती, आता पार म्हातारी झालेली. मुलीनं या प्रबंधात आपली ऐन उमेदीची वर्षं घातली होती. तो नापास झाला तर विभागात तिला पुन्हा कुणी उभं करणार नव्हतं. सरांनी पट्टी लावली. मोजलं का? नाही. पुन्हा करून पाहता येईल का? आग काय परत लावायची? त्यांनी पेन्सिलीनं शून्य टाकलं. मौखिक परीक्षा सोमवारी होती.

रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की सर ताईकडे जेवायला जात. ताई म्हणजे थोरली बहीण. लग्न केलं नाही, वडिलांचं सुतारकामाचं दुकान आणि शेवटी अंथरुणाला खिळलेले वडील, दोन्ही तिनंच सांभाळलं. सर शिकायला म्हणून दुकान सोडून गेले तेव्हा बापलेकांचं असं काही वाजलं, की पुढे कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. वडील गेले तेव्हाही सर वाटेतच होते. दारात ताई भेटली आणि म्हणाली, "जाता जाता म्हणाले, त्याला सांग, माझा राग कधीच गेला." त्या एका वाक्यावर सरांनी पुढचं सगळं आयुष्य काढलं होतं.

त्या रविवारी जेवता जेवता त्यांनी प्रबंधाचा विषय काढला. "एका म्हातारीच्या शब्दावर अख्खा प्रबंध! उद्या कुणीही उठेल आणि काहीही सांगेल."

"येशूची रिकामी कबर आधी कुणी पाहिली रे?" ताईनं वाढता वाढता विचारलं. "बायकांनीच ना? त्यांचंही कुणाला खरं वाटलं नव्हतं. आत्ता मिस्सात मोठ्यानं 'मी मानतो' म्हणत होतास, ते काय मोजून आलास?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? बाबांचं शेवटचं बोलणं मी एकटीनंच ऐकलं. त्याला किती गुण देशील?"

तिनं चेष्टेनंच विचारलं होतं. सर मात्र हसले नाहीत. घास हातात तसाच राहिला, आणि इतक्या वर्षांत कधी न विचारलेलं त्यांच्या तोंडून निघून गेलं. "ताई, तू खरंच ऐकलंस ना? का मला बरं वाटावं म्हणून सांगितलंस?"

ताईचा चेहरा उतरला. ताट उचलून आत गेली ती बाहेर आलीच नाही. सर थोडा वेळ बसले आणि दार ओढून घेऊन निघाले. जीभ हासडून टाकावी असं त्यांना वाटत होतं. आणि त्याहून वाईट म्हणजे, तो प्रश्न आता मनातून हलेना.

सोमवारी मुलगी समितीपुढे उभी राहिली. बोलत होती नीट. म्हातारीनं सांगितलेल्या बाकीच्या गोष्टी तिनं जुन्या कागदपत्रांशी एकेक करून ताडून पाहिल्या होत्या. मुकादमाचा देह सापडला तो आतल्या जिन्यापाशी, त्याच्या झोपायच्या जागेपासून लांब.

"तरी ती खोटं बोलत नसेल कशावरून?" सरांनी विचारलं.

"सर, मुकादमानं आत जाताना तिला हाक मारली होती, मदतीला चल म्हणून. ती गेली नाही. पळाली. हे ती मला रडत रडत बोलली, घरात आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. खोटंच रचायचं असतं तर स्वतःला कुणी असं रंगवतं का? त्या सांगण्यात तिच्या वाट्याला काहीच नव्हतं."

सरांना दारात उभी राहून निरोप सांगणारी ताई आठवली.

"पण पट्टीवर किती?" समितीच्या अध्यक्ष म्हणून बसलेल्या कुलगुरूबाईंनी घड्याळाकडे पाहत विचारलं.

"शून्य," सर म्हणाले. "आणि पट्टीच्या तळाचं माझं वाक्य मी आज सकाळी त्याच पट्टीवर लावून पाहिलं. त्यालाही शून्यच."

"म्हणजे?"

"म्हणजे ते मी मोजून काढलेलं नाही, बाई. मला वाटलं म्हणून ठोकून दिलं. प्रयोगशाळेत पट्टी राहू द्या, तिथं तिच्यावाचून माझं पान हलत नाही. पण साक्ष तपासायची रीत वेगळी असते, आणि या मुलीनं ती माझ्या पोरांपेक्षा कडक पाळलीय."

"सर, हे तुमचं चर्च बोलतंय का?" बाई गोड हसून म्हणाल्या.

"चर्चमध्ये मला डोकं बाहेर काढून ठेवा असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. ते इथंच ऐकतोय." सर तापलेच होते. कागद पुढे ओढून त्यांनी शून्य खोडलं.

त्यांच्या एका मतानं मुलगी पास झाली. पट्टी काही हटली नाही. तिचा विचार करायला एक उपसमिती तेवढी नेमली गेली, आणि उपसमितीचं काय होतं ते सांगायला नको.

सर तिथून थेट ताईकडे गेले. ती मोरीपाशी भांडी घासत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही. "काय, साक्षीदार तपासायला आलास?"

"चुकलो, ताई."

"बरं."

सर चौकटीला टेकून उभे राहिले. "एकच सांग. बाबा तुझ्याबद्दल काय म्हणाले?"

ताईचे हात थांबले. "माझ्याबद्दल? काही नाही. तुझं नाव घेतलं, तेवढं बोलले, आणि गेले."

"इतकी वर्षं त्यांचं सगळं तू केलंस."

"हो."

"मग त्यात दोन शब्द स्वतःबद्दलचे घालायचे होतेस की. मला काय कळणार होतं?"

"बोलले नाहीत ना रे ते," ताई म्हणाली, आणि तिनं नळ बंद केला.