आत्याच्या मापाचा शेवट

"हात आहे का फावडं आहे गं तुझं, आत्या?" भाची वैतागून पियानोच्या स्टुलावर गर्रकन वळली. "हे माणसांनी वाजवायचं असतं, एवढं तरी लक्षात होतं का लिहिताना?"

"होतं की," आत्या म्हणाली. "मी काय माणसांत मोडत नाही?"

संध्याकाळी कार्यक्रम, दुपार कलायला लागलेली, आणि सभागृहाच्या रिकाम्या खुर्च्यांसमोर या दोघी एका कॉर्डवर अडून बसलेल्या! रचनेतली अगदी शेवटची कॉर्ड. डाव्या हाताने तीन सूर एकदम दाबायचे, करंगळी पार खाली पाताळात आणि अंगठा पार वर. भाचीने करंगळी टेकवली की अंगठा हवेत लोंबकळायचा, अंगठा टेकवला की करंगळी भलत्याच पट्टीवर आपटायची. आत्याच्या पंजाला हे अंतर म्हणजे एकेकाळी हातचा मळ होता.

आत्याची सगळी हयात नाचाच्या वर्गात गेली होती. कोपऱ्यात पियानो, पियानोमागे आत्या. नाचाच्या बाईंनी "जरा हळू" म्हटलं की हळू. एखादीचा तोल गेला की तिचा पाय जमिनीला लागेपर्यंत सूर ताणून धरायचा. आत्या कागदाकडे बघायचीच नाही, पायांकडे बघायची. नाचाच्या बाई हसून म्हणायच्या, "आमच्या पियानोवाल्या बाईंना पोरींची तोंडं दाखवू नका, घोटे दाखवा. लगेच नाव सांगतील!" त्या पायांसाठी तिने ढीगभर तुकडे रचले. उड्यांचा एक, गिरक्यांचा एक, पोरींनी धापा टाकत घाम पुसायचा एक. नाव एकालाही नाही.

ही रचना मात्र तिने स्वतःसाठी केली होती. यात मी कुणासाठीही थांबणार नाही, असं तिने मनाशी घोकलं आणि शेवटची कॉर्ड मुद्दाम स्वतःच्या पंजाच्या मापाने बेतली. आपलाच पंजा एक दिवस आपल्याला नाही म्हणेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. आता अंगठ्याचं मूळ सुजलं होतं, बोटं आखडली होती. म्हणून तर तिच्या रचनांच्या पहिल्यावहिल्या कार्यक्रमाला स्टुलावर भाची होती.

"मी तोडून वाजवू का?" भाचीने लाडीगोडी लावली. "आधी खालचा, मग झटकन वरचे दोन. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"मला कळेल."

"मग हीच रचना गाळू या! बाकीच्या आहेत की."

"गाळायची? सरक तिकडे."

आत्या बसली. आणि काय वाजवलं तिने! वाकडी झालेली ती बोटं पट्ट्यांवरून अशी धावली की भाची रुसवा विसरून बघत राहिली. शेवट आला. आत्याने पंजा फाकवला, अंगठा मध्येच अडला आणि फडताळातून भांडी कोसळावीत तसा आवाज झाला. तिने पुन्हा हात टाकला. पुन्हा तेच.

"दुखलं का गं?"

"हाताचं सोड." आत्या उठली. "बस. शेवटची ओळ घे. कागद बघू नकोस. हात जसा जातो तसा जाऊ दे."

भाचीने खालचा सूर दाबला आणि वरच्या दोघांकडे धूम ठोकली.

"अगं, पळतेस काय चोरी केल्यासारखी? गाडी सुटतेय का तुझी? खालचा दाब. पेडलवरचा पाय हलवू नकोस. आता हात उचल. निवांत. मी बघतेय तुझ्या हाताकडे, तू नको काळजी करू. हां. आता वरचे."

खालचा सूर घुमत राहिला. त्याच्यावरून भाचीचा लहानसा हात सावकाश वर गेला आणि उरलेले दोन सूर हळूच येऊन बसले. आधीचा शेवट धाडकन दार लावून घेणारा होता. हा दारात घुटमळणारा.

"आवडला?" भाचीने धीर करून विचारलं.

"नाही," आत्या म्हणाली आणि पेन्सिल घेऊन त्या कॉर्डच्या कडेला तोडून वाजवायची नागमोडी रेघ ओढली. "होईल सवय."

संध्याकाळी भाचीचा हात तसाच वर उचलला गेला, तेव्हा अख्खं सभागृह श्वास रोखून बसलं. वरचे सूर आले, विरले, आणि मग टाळ्याच टाळ्या.

पडद्यामागे काठी टेकत एक आजोबा आले. "शेवटी तो हात उचलतात ना," ते आत्याला म्हणाले, "तिथे काळजात कालवलं हो. कसं सुचलं तुम्हाला?"

भाची आपल्या बुटांकडे बघायला लागली.

"मला नाही," आत्या म्हणाली. "हिच्या हाताला सुचलं."

आजोबा गेल्यावर भाची म्हणाली, "उगाच काय सांगतेस गं काहीतरी?"

"चल, उशीर होतोय."

आत्याने कोट चढवला आणि बटणांशी झटापट सुरू केली. बटण काही भोकात शिरेना. भाचीने हात पुढे केला आणि बिचकून मागे घेतला, असली मदत आत्याला खपत नसे. आत्याने कोटाच्या दोन्ही कडा सोडून दिल्या आणि हनुवटी वर करून ती तिच्यासमोर उभी राहिली.

"वरचंही लाव," ती म्हणाली. "बाहेर वारा आहे."