कुंकवापर्यंत हवा

कोपरीत देवरामची टायरची टपरी होती. बारा वर्षं तो पौंडाच्या मीटरवर हवा भरत आलेला. तो मीटर सोमवारी पडून फुटला आणि बाजारात मिळाला तो किलोचा. तेव्हापासून देवरामची झोप उडाली होती. चोवीस पौंड मागावेत, तर काटा पावणेदोनच्या अलीकडेच थांबे. गिऱ्हाईक एकदा काट्याकडे बघी, एकदा देवरामकडे, आणि पुढच्या दुकानाकडे वळे. आज सकाळपासून अशा दोन गाड्या गेल्या होत्या.

तिसरी आली गोमाजी कोळ्याची जुनी फियाट. मागे त्याची बायको भागीरथीमावशी, मांडीवर साखरपुड्याचं ताट. मुलगा नामा पाहुण्यांबरोबर टेम्पोनं पुढे गेलेला, आणि अकराच्या आत टिटवाळ्याला मुलीच्या दारी पोचायचं होतं. मावशी मासळीबाजारात एकदा बोलली की दिवस कलायच्या आत सगळ्या कोपरीला कळे.

"पुढचं चाक बसलंय," गोमाजी म्हणाला. "चोवीस मार."

देवरामनं भरली. मावशीनं खिडकीतून मान काढली.

"किती झालं?"

"पावणेदोन किलो, मावशी. म्हणजे तेच चोवीस पौंड."

"पौंड म्हणजे अर्ध्या किलोला थोडं कमी. चोवीसाचे अकरा किलो झाले. शेर गेले, किलो आले, तवापासून तागडी माज्या हातात हाय, देवराम. मधले नऊ किलो कुठं गेले?"

"हे वजन नाही, मावशी. हवेचा जोर आहे. अकरा भरले तर टायर इथंच फुटेल."

"जोर कुणी किलोत मोजतं?"

"अगं, अकराचा मुहूर्त," गोमाजी हळूच म्हणाला.

"कमी हवेनं व्याह्याच्या दारात उभं राहायचं?"

देवरामनं डिकीतलं जादा चाक काढलं. "हे गेल्या आठवड्यात जुन्या मीटरवर भरलं होतं. तुमच्यासमोर, चोवीस." नवा मीटर लावला. काटा पावणेदोनच्या अलीकडे. देवरामचा चेहरा फुलला.

"म्हणजे तवा पण कमीच दिलीस," मावशी म्हणाली.

गोमाजीनं कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

देवराम खाली बसला. मग त्याला काय सुचलं कोण जाणे. "मावशी, पापलेट ताजं आहे का हे तुम्ही तागडीत बघता?"

"तागडीत कशाला? अंगठा हाय की."

"मग अंगठा लावा."

मावशी ताट सीटवर ठेवून उतरली. पदर खोचून तिनं जादा चाक दाबलं, मग पुढचं, मग पुन्हा जादा. डोळे मिटलेले, बांगड्यासुद्धा गप्प. देवरामनं श्वास धरला.

"सारखीच हाय," ती म्हणाली. "लबाडी नाय. पण तुझ्या मीटरला आपलं बोलणं येत नाय. लाव बघू परत."

देवरामनं नळी पुढच्या चाकाला लावली. काटा चढला, थांबला. मावशीनं ताटातलं कुंकू देवरामच्याच टपरीतल्या तेलात कालवलं आणि काचेवर, काट्याच्या टोकाशी, टिकली लावली.

"हे चोवीस. कुणी विचारलं तर सांग, भागीरथीनं तोललंय."

फियाट खाडीच्या वाऱ्यासारखी सुटली.

आठ दिवसांनी टपरीपुढे रांग होती. आकडा कुणी बघतच नव्हतं. "मागच्याला कुंकवापर्यंत," लोक सांगत, "पुढच्याला जरा अलीकडे." आणि टिकली पुसट झाली की देवराम मासळीबाजारात निरोप धाडी.