काळा दिवा घरात आला तेव्हा

रोज सकाळी नेवेन्का मोटारसायकलखालचा पुठ्ठा ओढून दाराशी उजेडात न्यायची, आणि रोज त्यावर बशीएवढा काळा डाग असायचा.

"बघ," फ्राने मागून म्हणायचा. "तेल गळतंय. आता यात माझा काय दोष?"

ती पुठ्ठा उलटा करून परत गाडीखाली सरकवायची. दोष त्याचा नाही हे तिलाही कळत होतं. पण नवऱ्याच्या आवाजात सुटकेची एक लकेर होती, तीही तिला बरोबर ऐकू येत होती.

लग्नानंतर दोघं समुद्रातलं व्हिस बेट सोडून वाळवंटातल्या कूबर पेडीला, खाणींच्या गावाला, आली ती दोन वर्षांसाठी. ओपल हा रंगीत खडा सापडला की परत फिरायचं ठरलं होतं. ओपल सापडलाही, अधूनमधून. पण ज्याला एकदा सापडतो त्याला पुढच्याच हातभर मातीत आणखी आहे असं वाटू लागतं, आणि फ्रानेला ते इतरांपेक्षा जरा जास्तच वाटायचं. "फक्त एवढा कोपरा," तो म्हणायचा. "फक्त एवढं झालं की जाऊ." त्या 'फक्त एवढं'मध्ये नेवेन्काची उमेदीची सगळी वर्षं गेली. कोळ्याची मुलगी ती. बेट सोडल्यापासून समुद्र तिने एकदाच पाहिला होता, अ‍ॅडलेडच्या इस्पितळाच्या खिडकीतून, तोही पट्टीएवढा.

सुरुवातीच्या वर्षांत फ्राने घराच्या भिंतीही सोडायचा नाही. घर टेकडीच्या पोटात कोरलेलं, त्यामुळे भिंती खाणीतल्याच मातीच्या. जेवता जेवता तो उठायचा आणि काळा दिवा घेऊन भिंतीवर फिरवत बसायचा. काळा दिवा म्हणजे ज्याचा उजेड डोळ्यांना जेमतेम जांभळा दिसतो आणि ज्याच्याखाली ओपल पांढराहिरवा पेटतो तो. एकदा पलंगामागे त्याने असं भगदाड पाडलं की हात थेट शेजारच्या मनोलीसच्या न्हाणीघरात निघाला, आणि मनोलीस तेव्हा आंघोळ करत होता. त्या दिवशी नेवेन्काने नियम केला की काळा दिवा या उंबऱ्याच्या आत येणार नाही. फ्रानेने तो नियम कधी मोडला नाही, एवढं मोठेपण त्याला द्यायलाच हवं.

या हिवाळ्यात मात्र तो आपणहून म्हणाला होता, "माझा खांदा आता हँडल धरत नाही. पुढच्या वर्षी गाडी चालवणं होणार नाही. चल, दक्षिणेच्या कड्यांवर जाऊ. देवमासे दाखवतो तुला." नेवेन्काने त्याच दिवशी साइडकारची गादी उसवून नवीन शिवली. आणि दुसऱ्याच आठवड्यात गाडी गळायला लागली.

फ्रानेने चेंबरचं गॅस्केट बदललं. गळती तशीच. खालचा नट बदलला, धागा गुंडाळून आवळला, पुन्हा गॅस्केट बदललं. पुठ्ठ्यावर पुन्हा बशी. ऑगस्ट, म्हणजे तिकडचा हिवाळा, संपत आला होता. थोड्याच दिवसांत देवमासे पिल्लं घेऊन बर्फाकडे परत निघतील, मग कड्यावरून दिसेल ते नुसतं पाणी.

"बसने जा की," मनोलीस म्हणाला. तो रोज कॉफीच्या वेळेला बरोबर उगवायचा.

"बस देवमाशांकडे जात नाही," नेवेन्का म्हणाली.

"मग तेलाचा डबा बरोबर घ्या. ती गाळेल तसं ओतत जा."

"आणि वाटेत इंजिन जाम झालं तर?" फ्राने म्हणाला. "दोनदोनशे किलोमीटर चिटपाखरू नाही त्या रस्त्याला. या वयात साइडकार मी ढकलू का?"

"तू कशाला? शेजारीण ढकलेल. तू साइडकारमध्ये बसून रस्त्याकडेला ओपल शोध."

फ्राने हसला नाही. तो कॉफीच्या कपात बघत म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू नाहीतर." नेवेन्का उठून गाडीपाशी गेली आणि पुठ्ठ्याशेजारी बसून राहिली. तिला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता.

तिने डागात बोट बुडवलं. बोटाकडे बघता बघता तिला खाणीवरची पेटी आठवली. बाहेर काढलेली माती यंत्रातून चाळून एका पट्ट्यावर येते, आणि तो पट्टा एका काळोख्या पेटीतून जातो. आत काळा दिवा, आणि दिव्याखाली बसलेलं माणूस. काही चमकलं की उचलायचं. त्या पेटीत नेवेन्का वर्षानुवर्षं बसली होती. नवं माणूस तिथे हमखास एकदा फसतं. पट्ट्यावर काहीतरी उजळतं, माणूस झडप घालतं, आणि हाताला लागतो यंत्राच्या तेलाचा थेंब. कारण काळ्या दिव्याखाली तेलही चमकतं. पहिल्या दिवशी तीही फसली होती, आणि सगळी खाण तिला महिनाभर तेलवाली म्हणत होती.

"मनोलीस," ती आत येऊन म्हणाली, "पेटीतला दिवा सोडवून आण."

दोघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

"कुठे आणू?" मनोलीसने विचारलं.

"इथे. घरात."

"शेजारणी, माझं न्हाणीघर आत्ता कुठे नीट झालंय."

"आण म्हटलं ना."

फ्राने मान खाली घालून कप विसळत राहिला. एवढ्या वर्षांत त्याने पहिल्यांदाच कप विसळला होता.

दिवा येईपर्यंत तिने इंजिन रॉकेलने धुऊन कोरडं ठणठणीत पुसलं. फ्रानेने गाडी टेकडीला दोन फेऱ्या मारून तापवून आणली. ती रोज दाराशी उभी असायची. आज पुरता काळोख हवा होता, म्हणून अगदी आतल्या भिंतीपर्यंत ढकलायची ठरली. त्यासाठी अवजारांचं छतापर्यंतचं लोखंडी कपाट हलवावं लागलं. घर कोरलं तेव्हापासून ते त्या जागेवरून हललं नव्हतं. तिघांनी मिळून ते बाजूला ओढलं आणि दार लावलं. बाहेर भर दुपार होती, आत स्वतःचा हात दिसेना.

नेवेन्काने दिवा लावला.

इंजिनावर एक बारीक निळसर रेघ उजळली. चेंबरपाशी ती रुंद झाली होती, थेंब धरून लोंबत होती. पण सुरू तिथे होत नव्हती. नेवेन्का दिवा वर वर नेत गेली. रेघ सिलिंडरच्या मागून, जिथे कुणाची नजर जात नाही तिथून, वर चढत गेली आणि डोक्यापाशी संपली. तिथे तेलाची नळी एका पोकळ बोल्टाने बसवलेली असते. बोल्टाखालच्या तांब्याच्या वायसरभोवती एक निळं कडं झगमगत होतं.

"वर," फ्राने हळूच म्हणाला. "ती वरून गळतेय. आणि मी महिनाभर खाली खाजवतोय."

"तुला सवयच आहे खाली खाजवायची," मनोलीस म्हणाला.

नेवेन्का हसली, आणि हसताना तिच्या हातातला दिवा भिंतीकडे वळला.

भिंत पेटली होती.

कपाटाच्या जागी वाटीएवढ्या चकत्या उजळल्या होत्या, एकाला एक लागून, एका रांगेत. पांढऱ्या, कडेला हिरवट. रांग गुडघ्याच्या उंचीवरून निघून वर चढत होती. नेवेन्काने दिवा वर नेला तशी ती छताला लागली, छतावर वळली आणि स्वयंपाकघराकडे निघून गेली. फ्रानेने छतावर दिवा कधी धरलाच नव्हता. तिच्या आजूबाजूला लहान लहान शिंपले विखुरले होते, शेकड्यांनी. त्यांच्यावरच्या रेषा मोजता आल्या असत्या.

मनोलीस भिंतीला हात लावायला गेला आणि त्याने तो मागे घेतला.

"हाडं आहेत," फ्राने म्हणाला. "पाठीचा कणा."

"मासा?" मनोलीसने विचारलं.

"माशाला इतकी लांब मान नसते."

कधीकाळी इथे समुद्र होता हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाहुण्यांना तीच गोष्ट सांगून दगड खपवतात. नेवेन्कानेही ती कितीदा सांगितली असेल. पण आता तिने अंगठ्याला थुंकी लावून एका चकतीवर फिरवली, साधी विजेरी तिच्यावर धरली, आणि आत लाल आणि हिरवा जाळ हलला. याच्या खाली तिने डब्यातले मासे तळले होते. याच्या खाली ती घरच्या आठवणीने रडली होती, समुद्र तुटला म्हणून. आणि हा इथे, तिच्या डोक्यापासून हातभर वर, सगळा वेळ पोहत होता. ती समुद्र सोडून आलीच नव्हती. ती त्याच्या तळाशी संसार करत होती.

मग तिला फ्रानेची आठवण झाली. आता हा पहार घेणार. आता गाडी, कडे, देवमासे, सगळं संपलं. आणि दिवा घरात आणला होता तिनेच.

तिने मागे वळून पाहिलं. फ्राने गाडीशेजारी उकिडवा बसून चाचपडत पाना शोधत होता.

"इकडे उजेड दे," तो म्हणाला. "बोल्ट दिसत नाहीये."

"अरे, थांब." ती पुन्हा भिंतीकडे वळली. कण्याच्या खालच्या टोकाशी आणखी काहीतरी उजळत होतं, मातीत अर्धं बुडालेलं. पंख्यासारखं. पोहायचं वल्हं असेल, हात असेल. कपाटात छिन्नी पडली होती, ती तिच्या हातात कधी आली ते तिला कळलं नाही. मातीचा एक पापुद्रा निघाला. त्याखाली बोटाचं हाड होतं. आणखी एक पापुद्रा.

"नेवेन्का, दिवा दे."

"देते."

"नेवेन्का."

"थांब ना. फक्त एवढं—"

तिचे शब्द तिलाच ऐकू आले. छिन्नी हवेत तशीच राहिली.

फ्राने उठून तिच्याजवळ आला. तिला वाटलं तो हसेल, आणि हसण्याचा त्याला हक्कही होता. तो हसला नाही. त्याने तिच्या हातातली छिन्नी काढून घेतली आणि तिच्या केसांवरची माती झटकली.

"हे तोंड मी ओळखतो," तो म्हणाला. "दाढी करताना रोज आरशात बघत आलोय. याला स्वतःला आवरता येत नाही, नेवेन्का. कुणीतरी दुसऱ्याने आवरावं लागतं."

"पण केवढा आहे हा. बघ तरी."

"बघितला. इतका देखणा मी जन्मात पाहिला नाही." "पण हा मेलेला आहे, आणि याला घाई नाही. जिवंत आहेत ते चालले निघून."

मग तिने दिवा त्याला धरून दिला. त्याने बोल्ट सोडवला, तांब्याचा वायसर काढला, गॅसवर लालभडक तापवला आणि तिच्या कॉफीच्या भांड्यात टाकला. चर्र झालं. कडक झालेलं तांबं पुन्हा मऊ झालं. तोच वायसर त्याने परत बसवला. नवीन आणायची गरजच पडली नाही.

कपाट तिघांनी परत जागेवर ओढलं. काळा दिवा नेवेन्काने स्वतःच्या हाताने मनोलीसकडे दिला.

"मी मागितला तरी देऊ नकोस," ती म्हणाली.

"आणि त्याने मागितला तर?"

"त्याला दे. त्याची मला काळजी नाही आता."

सकाळी तिने पुठ्ठा ओढला. त्यावर मातीचा पांढरा भुगा होता. फ्रानेने रात्री भिंत कोरली की काय असं क्षणभर तिला वाटलं, मग कपाट ओढल्याचे ओरखडे तिला जमिनीवर दिसले. भुगा फुंकून तिने पुठ्ठा उजेडात धरला. कोरडा होता. तो घडी घालून ती साइडकारमध्ये बसली.

रस्त्यात रोज मुक्कामाला तिने तो पुठ्ठा गाडीखाली सरकवला, आणि रोज तो कोरडाच निघाला.

दोघं कड्यापाशी पोचली तेव्हा दुपार कलली होती. जमीन तिथे एकदम तुटते. खाली पाणी, आणि पाण्यात, अगदी पायथ्याशी, एक काळी पाठ हळूहळू वर आली आणि येतच राहिली. तिच्या कुशीला तिचं पिल्लू होतं. मादीने श्वास सोडला, त्याचा आवाज वर कड्यापर्यंत आला. मग ती कलली, आणि तिचं वल्हं पाण्याबाहेर निघालं, रुंद, ओलं, पंख्यासारखं. आतली बोटं कशी असतील ते नेवेन्काला ठाऊक होतं. तिने आपला हात उघडून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

वारा गार झाला. फ्रानेने खांदा चोळत हेल्मेट उचललं. अंधार पडायच्या आत सेडूना गावाच्या वाटेवरचा मुक्काम गाठायचा होता.

"चल," तो म्हणाला. "उशीर होईल."

"थांब," नेवेन्का म्हणाली. "फक्त एवढं."

फ्रानेने हेल्मेट खाली ठेवलं आणि तिच्या शेजारी बसला.