डोळ्यातलं मांस आणि बासिलियाचा मध

मिठागरात खपणाऱ्यांच्या डोळ्यांत मांस वाढतंच. वरून ऊन मारतं, खालून पांढरं मीठ, आणि नाकाकडून लालसर पापुद्रा बुबुळाकडे सरकत राहतो. मग माणूस बासिलियाच्या अंगणात येतो. तिच्याकडे ओंडक्यांत पाळलेल्या, न चावणाऱ्या बारीक मधमाश्या आहेत. त्यांच्या मधाच्या थेंबाने जळजळ थांबते. मांस मात्र तसूभरही हटत नाही. बासिलियाची आई हे लोकांना आधीच सांगून टाकायची.

मिठागरातला फिदेन्सिओ कानुल डोळे दाखवायला आला, तेव्हा बासिलियाने त्याला ते सांगितलं नाही. तीन वर्षांपूर्वी त्याने भरसभेत तिच्या मुलाला, गास्पारला, मीठचोर म्हटलं होतं. पोरगा चोर होता, हे तिलाही ठाऊक होतं. पण तो गाव सोडून गेला तो गेलाच, आणि खरं बोलणाऱ्याचा राग खोटारड्यापेक्षा जास्त येतो.

"पातळ होतंय का गं, ताई?" तो मान वर करून विचारायचा.

"होतंय की. निम्मं उरलंय."

"मग अंधूक का दिसतं?"

"मधातून काय लख्ख दिसणार? धीर धर जरा."

दरवर्षी मेरिदा शहरातून डॉक्टरांची गाडी यायची, मांस कापायला फुकट न्यायची. बासिलिया म्हणायची, "कापलं की दुप्पट उगवतं. लाझारोचं बघितलंस ना?" लाझारो कापून आल्यावर आठव्याच दिवशी काळा चष्मा फेकून मिठागरात उतरला होता, हे ती गाळायची. फिदेन्सिओ मान डोलवायचा, खारवलेला मासा ठेवून जायचा. ती तो चवीने खायची.

यंदा त्याचे दोन्ही डोळे झाकले गेले. आणि यंदाच बासिलियाच्या डाव्या डोळ्यात लाल टोक दिसलं. तिने मधाचं बोटही लावलं नाही. डॉक्टरांच्या यादीत पहिलं नाव तिचं.

सकाळी तोंडावरून शाल ओढून ती गाडीशी गेली. फिदेन्सिओ तिथेच देवळाच्या भिंतीला टेकून बसला होता. पावलं ऐकून त्याने पुढे येऊन हात दिला.

"सांभाळून, बाई. डोळ्यासाठी निघालीस? नको जाऊ. कापलं की दुप्पट उगवतं. आमच्या बासिलियाकडे जा. तीन वर्षं मध घालतेय बिचारी, एक पेसो घेत नाही."

त्याच्याच हाताचा आधार घेऊन ती वर चढली. बाहेर लोंबणारं शालीचं टोक त्याने चाचपून आत सारलं आणि दार नीट लावून दिलं.