काळ्या दोऱ्याचे माप

मी एक जुनी स्टीलची फूटपट्टी आहे. एका कडेला इंच, दुसऱ्या कडेला सेंटिमीटर, आणि टोकाला खिळ्यात अडकवायचे भोक. माझ्या रेघा छापलेल्या नाहीत, कोरलेल्या आहेत. त्या पुसत नाहीत आणि कुणाची भीडही ठेवत नाहीत. मित्रांनो, स्वभावाने मी जरा कडकच. माझी कहाणी ऐकून तुम्हाला बरे वाटणार नाही, तरी ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. अंगावर रेघा कोरताना झालेले दुखणे मात्र आठवते. बंगळूरच्या ॲव्हेन्यू रोडवरच्या एका दुकानातून योगीराजण्णांनी मला विकत घेतले आणि चामराजपेटेतल्या आपल्या छापखान्यात आणले. त्यांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. बोलणे मराठी, पण त्यात कन्नड असे मुरलेले, की वेगळे काढता येऊ नये.

त्यांच्याकडे निपाणीहून आलेला उमाकांत कामाला होता. छपाईच्या आधी पाने मापात बसवायची, हे त्याचे काम. खालून दिवा असलेल्या काचेच्या टेबलावर तो छापायच्या पानाची फिल्म पसरायचा आणि मला तिच्यावर ठेवायचा. पान केसभर जरी मोठे निघाले तरी पुन्हा करायचा. "डोळा फसतो, फूटपट्टी फसत नाही," असे तो म्हणायचा. संध्याकाळी मला फडक्याने पुसून खिळ्याला अडकवायचा. दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. त्या दिवसांत मी फार तोऱ्यात होते.

मग छापखान्यात कॉम्प्युटर आला. त्याच्या पडद्याच्या कडेला एक फूटपट्टी आपोआप दिसायची. तिला वजन नाही, धार नाही, पण ती मागेल तेव्हा हजर. उमाकांत तिच्या नादी लागला. मी खिळ्यावरून खाली आले. कुणी माझ्याने कागदाचे गठ्ठे फोडू लागले, कुणी डिंक ढवळू लागले. राग यायचा, पण सांगणार कुणाला?

शहाण्णव साल असेल. रायबागकडच्या खेड्यांत काम करणाऱ्या एका संस्थेची चंपा फ्लॉपी घेऊन आली. तिला बायकांसाठी एक जाड कार्ड छापून हवे होते. वर बाळाच्या खाण्यापिण्याची माहिती आणि कडेने एक लांब दंडपट्टी. ती कापून मुलाच्या दंडाभोवती गुंडाळायची. माप लाल रंगात आले तर मूल उपासमारीने खंगलेले, मधल्या पिवळ्यात आले तर जपायचे, हिरव्यात आले तर ठीक.

"अण्णा, ह्या पट्टीवरच सगळं हाय बघा," ती उमाकांतला म्हणाली. "आमच्याकडं वस्तीवर वजनकाटा न्यायला रस्ता नाही."

योगीराजण्णा मनाने मोठे. दुसऱ्या कामातले उत्तम कार्ड उरले होते, ते त्यांनी या कामाला देऊन टाकले. फक्त ते चंपाच्या पानापेक्षा थोडे आखूड होते.

"उमाकांता, पान स्वल्प लहान कर की. पुण्याईचं काम आहे."

"सरी, अण्णा, करतो," उमाकांत म्हणाला.

त्याने पानाचे माप बदलले आणि आतले सगळे एकदमच आवळून त्यात बसवले. मजकूर लहान झाला, चित्रे लहान झाली, आणि दंडपट्टीही लहान झाली. आकडे तेच राहिले, त्यांच्यातले अंतर तेवढे घटले. दंडपट्टी होती तशी ठेवून फक्त मजकूर आवळला असता, तरी ती कार्डावर कडेला कड लावून बसली असती. पण उमाकांतने पडद्यावर पान मोजले. पान अगदी बरोबर होते.

चंपा नमुना तपासायला आली. तिने अक्षर न् अक्षर वाचले, रंग पाहिले, एक काना सुटला होता तोही दाखवला. मी त्याच टेबलावर होते, माझ्यावर चहाचा ग्लास ठेवलेला होता. दोघांपैकी एकाने जरी तो ग्लास उचलून मला दंडपट्टीवर ठेवले असते! मला तोंड असते तर मी ओरडले असते. कार्डे छापली गेली आणि गठ्ठे रायबागला गेले.

उन्हाळा सरता सरता चंपा परत आली. आल्या आल्या तिने टेबलावर एक दंडपट्टी ठेवली आणि तिच्या शेजारी एक काळा दोरा. गाठ तशीच होती, दोरा गाठीजवळ कापलेला.

"आमच्या वस्तीवरच्या यल्लव्वाची पोर गेली," ती म्हणाली. "दोनदा मोजली होती मी. दोन्ही बारीला हिरवं आलं. मीच तिला म्हटलं, पोर ठीक हाय, दवाखान्याच्या नादात मजुरी बुडवू नको. जुलाब लागले आन् पोर टिकली नाही."

उमाकांतने दोरा उचलून हातात घेतला.

"दृष्ट लागू नये म्हणून हा दोरा तिच्या दंडात बांधलेला होता. अगदी लागून बसायचा. यल्लव्वानं कापून माझ्या हातात दिला. म्हणाली, तुझी पट्टी हिरवं म्हणते, आता हे मोज."

उमाकांतने दोरा दंडपट्टीवर सरळ धरला. गाठ साडेतेराच्या पुढे, हिरव्यात पडली. मग त्याने मला शोधले. माझ्यावर वाळलेला डिंक होता, तो त्याने नखाने खरवडला आणि तोच दोरा माझ्यावर धरला. गाठ बारा सेंटिमीटरवर आली.

साडेबाराच्या खाली लाल, हे चंपाला पाठ होते. तिने बाराच्या रेघेवर बोट ठेवले.

"एवढा होता, अण्णा, तिचा दंड," ती म्हणाली. त्या बोटाचे ओझे मला सोसवेना.

योगीराजण्णांनी नवी कार्डे छापून दिली आणि जुनी परत मागवली. थोडी आली. बाकीच्यांचे काय? दंडपट्ट्या केव्हाच कापल्या गेल्या होत्या, वस्त्यावस्त्यांवर खुंटीला टांगल्या होत्या. त्यांतली एखादी आजही कुणा लेकराला हिरवे ठरवत असेल, या विचाराने माझ्यासारख्या पोलादालाही कापरे भरते.

मित्रांनो, मला खिळ्याला अडकवा किंवा अडगळीत टाका, माझे काही म्हणणे नाही. पण जे माप कुणाच्या जिवाला लागणार आहे, ते पडद्यावर पाहून सोडू नका. छापून हातात आले की त्यावर एकदा खरी फूटपट्टी ठेवा. तेवढ्याला वेळ लागत नाही.

आता उमाकांत मला सोबत घेऊनच फिरतो. लग्नपत्रिका असो की साधे पावतीपुस्तक, छापलेले प्रत्येक पान माझ्याने मोजतो. मोजून झाले तरी मला खाली ठेवत नाही. त्याचा अंगठा बाराच्या रेघेवर येतो आणि तिथेच घासत राहतो. माझ्या रेघा पुसत नाहीत, असे मी सुरुवातीला मोठ्या ऐटीत सांगितले ना? ती एक रेघ पुसट होत चालली आहे.