झाकलेली वाटी

“शीऽऽ! आला का वास सगळ्यांना?” पडद्यावर फोटो येताच राजाभाऊंनी नाक चिमटीत धरलं आणि अख्खा हॉल खिदळला. फोटोत एक जपानी म्हातारी हातात वाटी घेऊन वाकली होती.

हॉल शारजातल्या अल मजाजमधल्या एका टॉवरचा. राजाभाऊ आणि त्यांची बायको शोभनाताई जपानच्या होक्काइडो बेटाच्या टूर्स काढत. तिकडे जाऊन आलेली मंडळी आज जमली होती. मागच्या किचनमध्ये भिकाजी पुऱ्या तळत होता. एरवी तो दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कँटीनचा आचारी, टूरपुरता राजाभाऊंचा. बर्फात, चेरीच्या बहरात, लव्हेंडरात, लाल पानांत, सगळ्या ऋतूंत तो ते बेट फिरला होता. फिरला कसला डोंबल! कुकर आणि हिंगाची डबी घेऊन हॉटेलांच्या मागच्या दारांनी आत-बाहेर केलं. लव्हेंडरच्या शेतालगत टूरवाल्यांना कांदाभजी हवी झाली, तेव्हा त्याच्या नाकात काय तो तेलाचा वास गेला.

भिकाजी देवगडचा, मासळीवर वाढलेला. आणि बंदरोबंदरी मासे असलेल्या त्या बेटावर त्याने माशाचा तुकडा म्हणून तोंडात घातला नव्हता. पहिल्याच टूरला राजाभाऊंनी त्याला गणपतीच्या तसबिरीवर हात ठेवायला लावला होता. “ग्रुप प्युअर व्हेज आहे, भिकाजी. टूर संपेपर्यंत मासळीला शिवायचं नाही. तुझ्या हाताला वास आला की माझा धंदा खलास!” हेच राजाभाऊ सुट्टीच्या दिवशी ब्रंचला बसून कोळंबी ओरपत. भिकाजीला ते ठाऊक होतं, पण शपथ ती शपथ.

फोटोतल्या म्हातारीचं उत्तरेकडच्या एका बंदरात लॉज होतं. प्रत्येक टूरचा एक मुक्काम तिच्याकडे असे आणि ती आपली चूल भिकाजीला मोकळी करून देई. त्याचं आवरलं की ती त्याच्यापुढे एक झाकलेली वाटी ठेवायची आणि झाकण उचलून दाखवायची. थंडीत पांढऱ्या माशाचं सार, वसंतात तारलीच्या मोठ्या बहिणीसारखी भाजलेली मासळी, उन्हाळ्यात माकुलं. भिकाजीच्या तोंडाला पाणी सुटे आणि तो हात जोडे. “आजये, माका चलना नाय.” तिला शब्द कळत नसे, पण ती हसून झाकण परत ठेवी.

गेल्या शरदात तिने रावसासारख्या गुलाबी माशाचं सार केलं आणि हौसेने वाट्या ग्रुपपुढेच नेल्या. काय तो गलका झाला! “ईऽऽ, न्या, न्या ते!” एकीने तर जेवणघरात सेंट फवारला. म्हातारी बिचारी आपलंच चुकलं समजून वाकून वाकून माफी मागत राहिली. नेमका त्याच क्षणी राजाभाऊंनी फोटो काढला. भिकाजीला त्या सगळ्यांची किळस आली, आणि त्यांच्यासाठी आमटी ढवळणाऱ्या आपल्या हाताचीही.

रात्री भांडी घासताना तो तिला म्हणाला, “फुडल्या टायमाक नक्की खातंय.” त्याने कॅलेंडरवरच्या बर्फाच्या चित्राकडे बोट केलं आणि पोटावर हात फिरवला. म्हातारीने वचन घ्यावं तशी आपली करंगळी त्याच्या करंगळीत अडकवली. त्यावर त्याने शोभनाताईंकडून कबूल करून घेतलं होतं, की फेब्रुवारीची टूर संपली, शपथ सुटली, की एक दिवस त्याला तिथे राहू द्यायचं.

“भिकाजी, पुऱ्या संपल्या बाहेर. चल लवकर, यल्ला, यल्ला!” शोभनाताई आत आल्या.

“ताई, फेब्रुवारीतला माझा तो दिवस पक्का ना?”

“अगं बाई, तुला सांगायचंच राहिलं. त्या आजी गेल्या रे, डिसेंबरमध्ये. मुलाचा मेल आला होता. लॉज बंद केलं त्यांनी. आता आपण मोठ्या हॉटेलात उतरणार.”

राजाभाऊ पाण्याची बाटली घ्यायला आले होते. “बरंच झालं म्हणायचं,” ते म्हणाले. “सुटलो त्या वासातून!”

भिकाजीने त्यांच्याकडे पाहिलं. तो वळला आणि उरलेल्या कणकेच्या पुऱ्या तळत राहिला. मळलेली कणीक फेकणं त्याला जमलं नसतं. शेवटची पुरी काढून त्याने गॅस बंद केला, ॲप्रनची घडी घातली.

“फेब्रुवारीक दुसरो आचारी बघा.”

“अरे, वेडा झालास का? त्या वासाच्या वाटीपायी?”

“वास तुमच्या तोंडाक येता, राजाभाऊ.”

जाता जाता त्याने मासळी बाजारातून गुलाबी माशाचा एक तुकडा घेतला. खोलीवर येऊन सार केलं. कोकम नाही, तिरफळ नाही. म्हातारीला करताना पाहिलं होतं तसंच. वाटीत ओतलं, वर ताटली झाकली आणि समोर बसून राहिला.

“जेव की, निवतंय,” खोलीतला धनंजय म्हणाला.

भिकाजीने झाकण उचललं, म्हातारी वाकायची तसा जरा वाकला आणि घोट घेतला. मीठ कमी पडलं होतं. धनंजयने बरणी पुढे सरकवली.

“नको,” भिकाजी म्हणाला. “ती करायची, तेव्हा कसा लागायचा, माका खंय म्हायत?”