मी खाल्लेला मंगळवार

तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका, पण मी एकदा अख्ख्या शहराचा एक मंगळवार खाल्ला. ढेकरसुद्धा दिला नाही. लोक सोमवारी झोपले आणि उठले ते थेट बुधवारी.

पुतणीलाही मी अशीच सुरुवात करून दिली. ती माझ्याच धंद्यातली. दुपारी आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "काका, आमच्या लायब्ररीतलं एक जुनं फंक्शन चुकीचं आहे. काढून टाकू, की राहू देऊ?" लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, एकाने लिहिलेला कोड, जो हजार जण आपापल्या प्रोग्राममध्ये आयता वापरतात.

"बस," म्हटलं, "माझ्या लायब्ररीचं ऐक."

माझी लायब्ररी तारीख दिली की वार सांगायची. फक्त एक दिवस मागचा. मंगळवार असला की म्हणायची सोमवार. तरुणपणी घाईत झालेली चूक. पण वापरणारे गुणी. प्रत्येकाने आपल्याकडे एक दिवस मिळवून घेतला आणि बारा वर्षं सगळं बिनबोभाट चाललं. त्यांतलाच एक माझा दादा, म्हणजे हिचे वडील. कुठल्या वारी कुठल्या वस्तीला पाणी सोडायचं, हे पाणीपुरवठा कार्यालयात त्याचा प्रोग्राम ठरवायचा.

दर मंगळवारी संध्याकाळी माझा चहा दादाकडे. एकदा म्हटलं, "ती चूक आता दुरुस्त करतोय. लाज वाटते."

"कर की, शहाण्या. पण जुनं तसंच ठेव, नवं शेजारी वेगळ्या नावाने लिही. लोक सवडीने येतील."

"म्हणजे ती घाण मी मरेपर्यंत सांभाळू?"

"मग निदान मोठा आकडा तरी बदल. माणसं सावध होतील."

लायब्ररीच्या आवृत्तीच्या क्रमांकातला पहिला, मोठा आकडा बदलला की समजायचं, जपून, जुनं मोडेल. शेवटचा, बारका आकडा बदलला की काळजी नको. तेवढ्यावर यंत्रं नवी आवृत्ती आपली आपण घेऊन टाकतात. पण मोठा आकडा बदलायचा म्हणजे बारा वर्षं चुकलो अशी दवंडी पिटायची. ते माझ्या जिवावर आलं. पुढच्या सोमवारी मी गुपचूप बारका आकडा एकाने वाढवला.

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी लायब्ररी म्हणाली, मंगळवार. दादाच्या प्रोग्रामने सवयीने एक मिळवला आणि केला बुधवार. बुधवारची वस्ती दोनदोनदा आंघोळ करून कंटाळली, मंगळवारच्या वस्तीत नळ नुसते फुसफुसले. तिथल्या न्हाव्याचा हात साबण लावल्यावर थांबला तो थांबलाच. ते गिऱ्हाईक अजून तोंडाला फेस घेऊन हिंडतंय. त्या दिवशी जन्मलेलं बाळ तर आजवर एक दिवसाने लहानच आहे!

पुतणी हसली. मग म्हणाली, "आणि बाबा?"

दादाला कार्यालयाने जाब विचारला. त्याला एक ओळ पुरली असती, चूक भावाच्या लायब्ररीची. त्याने लिहिलं, "नवी आवृत्ती न तपासता येऊ दिली. चूक माझी." खुर्चीवरून उठवून त्याला मीटर वाचायला पाठवलं. निवृत्त होईपर्यंत लोकांचे जिने चढला. ती ओळ मलाही लिहिता आली असती. मनात शंभरदा लिहिली, पाठवली एकदाही नाही.

"म्हणून आमच्याकडे यायचं सोडलंत?"

"छे गं! येणार कसा? आपला चहा मंगळवारचा, आणि तो मी खाल्लेला. तेव्हापासून माझ्या आठवड्यात मंगळवार उगवतच नाही. सोमवारी डोळे मिटतो, उघडतो तर बुधवार. यात माझा काय दोष?"

ती या वेळी हसली नाही.

"काका, हे खोटं आहे. आज मंगळवारच आहे. बाबा संध्याकाळी दोन कप मांडतील. तुमचा गार झाला की तोही तेच पितात."